मोडीत निघालेली भांडी, नमुना आठ आणि पंधरा दिवस

२० ऑक्टोबर २०२२, वसुबारसेचा आदला दिवस. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माळा आवरायला काढला. कऱ्हाडपासून अठरा किलोमीटरवर कोयनेच्या काठी आमचं गाव आहे. दीड एकर ऊस, अर्धा एकर भात, दोन म्हशी आणि चार खणांचं जुनं घर. माळ्यावरून पितळी घंगाळ, तांब्याचा बंब, तीन तपेल्या, कासंडी, चरवी, काच फुटलेला प्रभाकर कंदील आणि लोणच्याच्या दोन बरण्या खाली आल्या. दारात भांडीवाल्याचा टेम्पो उभाच होता. जुनं मोडीत द्यायचं आणि स्टीलचे डबे घ्यायचे, असं आत्यांचं ठरलं होतं.

त्यानं ताणकाटा लावला. घंगाळ साडेसात किलो भरलं. पितळेला किलोमागे ३२० रुपये मोड, म्हणजे २,४०० रुपये. लग्न होऊन आले त्या वर्षी याच घंगाळात मी पहिल्यांदा उटण्याचं पाणी काढलं होतं. मठाराचं काम, ठोक्याठोक्याला उजेड पकडणारं. मी म्हटलं, आत्या, एवढं मला द्या. दुधाचा पगार कालच झाला होता. त्यातले २,४०० मी त्यांच्या हातावर ठेवले. भांडीवाला बाकीचं घेऊन गेला. बंबही गेला, त्याची हळहळ अजून जात नाही.

व्यवसाय करायचा असं तेव्हा मनात नव्हतं. चिंच, मीठ आणि चुलीतल्या राखेनं दोन तास घासल्यावर घंगाळ असं निघालं की मी फोटो काढून स्टेटसला ठेवला. पुण्याच्या मावसबहिणीच्या मैत्रिणीनं विचारलं, विकणार का? मी नाही म्हटलं. त्या आठवड्यात आणखी चौघींनी विचारलं. गावोगावच्या माळ्यांवर काय काय आहे आणि दर दिवाळीला त्यातलं किती वितळायला जातं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

जानेवारी २०२३ मध्ये एक दिवस काढून पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून आले. दिनकर केळकरांनी जमवलेला हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये राज्य शासनाला दिला. राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा मला तिथले अडकित्ते, दिवे, साचे, पानाचे डबे आणि स्वयंपाकघरातली भांडी महत्त्वाची वाटली. वहीत नावं आणि आकार उतरवून घेतले. तिथून कसब्यात तांबट आळीत गेले. पोचे कसे काढतात, सुटलेला सांधा कसा झाळतात, काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही, हे एका कारागिरांच्या उंबऱ्यावर बसून समजून घेतलं. हे काम करायचं असेल तर आधी असे दोन दिवस घालवा. पुढे मी खरेदीत ज्या चुका टाळल्या, त्यातल्या बऱ्याच त्या उंबऱ्यावर शिकले.

फेब्रुवारीत शेजारच्या गावातून दोन तपेल्या आणि एक परात घेतली. भाव मी पहिल्या दिवशीच ठरवला होता: चालू मोडीपेक्षा किलोमागे शंभर रुपये जास्त, आणि भांडं विशेष असेल तर त्याहून वर. घासून, कल्हई करून पहिली तपेली १,९०० रुपयांना साताऱ्यात गेली. खरेदी १,२००, कल्हई ३००, पाठवणी १६०. उरले २४०. माझी मजुरी यात धरलेली नाही.

कल्हईबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गिऱ्हाइकांचे निम्मे प्रश्न तिथेच असतात. तांब्या-पितळेत आंबट पदार्थ ठेवला की कळकतो, म्हणून आतून कथलाचा थर हवा. आमच्याकडे महिन्यातून एकदा कल्हईवाले काका येतात. भाता लावून भांडं तापवतात, नवसागर टाकतात, कथलाची कांडी फिरवतात आणि कापसाच्या बोळ्यानं झर्रकन पुसून घेतात. कथलात शिसं मिसळलेलं नाही ना, हे कारागिराला विचारा. खात्रीचा माणूस मिळेपर्यंत खाण्याची भांडी विकूच नका. आणि गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर लिहून द्या: रिकामं भांडं आचेवर ठेवू नये, कथील २३२ अंशांना वितळतं. मी ही चिठ्ठी प्रत्येक तपेलीच्या आत चिकटवते.

मार्चमध्ये उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, केली. मोबाइलवर, आधार आणि पॅनवर, म्हशींच्या धारा झाल्यावर, वीस मिनिटांत. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. तसंच दिसणारी दुसरी पानं उघडतात आणि हजार-दोन हजार मागतात, तिथे पैसे भरू नका. व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक विचारतात. जुन्या वस्तूंच्या किरकोळ विक्रीसाठी ४७७४ हा गट आहे. किरकोळ व्यापाऱ्यांना ही नोंदणी जुलै २०२१ पासून खुली झाली, पण फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच आहे, हेही माहीत असू द्या. चालू खात्यासाठी बँकेनं गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा दाखलाही मागितला. तेव्हाच्या नियमानं दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी लागत नव्हती, ऑनलाइन सूचना देऊन तिची पावती घ्यायची. ती दाखवली, खातं उघडलं.

आता एप्रिलमधली गोष्ट. ती लिहायला मला दोन वर्षं लागली.

नदीपलीकडच्या गावातल्या एका आजींनी तांब्याची कळशी दिली. काठावर ठोकून अक्षरं काढलेली: त्यांचं नाव, खाली 'आईकडून', आणि साल. घरात आता कोणी वापरत नाही, सुनेला जड होते, घेऊन जा म्हणाल्या. २,९०० रुपये मी त्यांच्या हातात दिले. कळशी इतकी देखणी होती की चौथ्या दिवशी पुण्याला गेली. अकराव्या दिवशी आजी मुलाच्या मोटारसायकलवर बसून आमच्या दारात. रुमालात गुंडाळलेले पैसे जसेच्या तसे आणले होते. म्हणाल्या, रात्री झोप येत नाही, आईच्या हातची तेवढीच वस्तू होती.

मी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला. घेणाऱ्या बाईंनी ती कळशी मुलीच्या घरभरणीला देऊन टाकली होती. त्यांना मागता येईना, आणि मला त्यांना दोष देता येईना. आजी ओसरीवर बसून राहिल्या. आत्यांनी चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. माझ्याकडे कळशीचे सहा फोटो होते. अक्षरांचा जवळून काढलेला फोटो मी कऱ्हाडला जाऊन मोठा करून आणला आणि त्यांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला. तो बघून मला बरं वाटलं नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे पंधरा दिवसांचा नियम आहे. घरातून आणलेली वस्तू पंधरा दिवस ओसरीच्या कोनाड्याखाली पालथी ठेवायची. घासायची नाही, फोटो टाकायचा नाही, कुणाला दाखवायची नाही. तेवढ्या दिवसांत देणाऱ्याचं मन फिरलं तर त्याच पैशात परत. नाव कोरलेलं असेल तर घेण्याआधी घरातल्या लेकींनाही विचारा असं मी सांगते, कारण भांडं बहुतेक वेळा लेकीच्या किंवा आईच्या नावाचं असतं आणि विकायला काढणारा मुलगा असतो. आजवर तीन घरांनी वस्तू परत नेल्या. एक समई, एक पुरणयंत्र आणि एक साधा पितळी तांब्या, ज्याची मोड जेमतेम दोनशे रुपये झाली असती.

जूनमध्ये बेंगळुरूहून एका मराठी कुटुंबाची मागणी आली, सात वस्तूंची. आनंदात पॅकिंगला बसणार, तेवढ्यात कऱ्हाडच्या कर सल्लागारांनी थांबवलं. वस्तूंच्या विक्रीला चाळीस लाखांची मर्यादा आहे, तोवर जीएसटीची चिंता नाही, असं मी ऐकून होते. ती मर्यादा राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. माझ्यासारख्यानं राज्याबाहेर वस्तू विकायची तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. घरून विकणाऱ्या कितीतरी जणींना हे ठाऊक नसतं. मी बेंगळुरूला तसं कळवलं. ते म्हणाले, थांबतो.

आणि इथून खरी धावपळ सुरू झाली. व्यवसायाच्या जागेचा पुरावा म्हणून घराचा नमुना आठचा उतारा, म्हणजे घर कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा ग्रामपंचायतीचा कागद, हवा होता. तो अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे २०१६ मध्येच गेले. वारस नोंद कुणी केलीच नव्हती. १० जुलैला अर्ज दिला. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, नणंदेची सही आणि थकलेली घरपट्टी १,८४० रुपये. मुद्रांक आणि नोटरीचे मिळून ६५० गेले. अर्ज ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत यावा लागतो. जुलैची सभा पावसानं पुढे गेली, ती ऑगस्टच्या सभेत धरली. ठराव झाला, आणि २८ ऑगस्टला आत्यांचं आणि नवऱ्याचं नाव लागलेला उतारा हातात आला. सात आठवडे. आत्या तो कागद कितीतरी वेळ हातात धरून होत्या. चाळीस वर्षं ज्या घराच्या भिंती त्यांनी सारवल्या, त्याच्या कागदावर त्यांचं नाव पहिल्यांदा आलं होतं. तुमचं घर असं दिवंगत माणसाच्या नावावर असेल, तर व्यवसायाचा विचार मनात आला त्याच दिवशी हा अर्ज टाका. बाकीचे कागद दोन दिवसांत होतात.

४ सप्टेंबरला जीएसटीचा अर्ज भरला. सरकारी शुल्क काही नाही, सल्लागारांचे १,५०० रुपये. पॅन, आधार, फोटो, नमुना आठ, लाइट बिल आणि आत्यांचं व नवऱ्याचं संमतीपत्र. १२ तारखेला खुलाशाची नोटीस आली. वाचताना हातपाय गार पडले. आपल्या नावानं सरकारी नोटीस आलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. सल्लागारांनी शांतपणे समजावलं की नोटीस म्हणजे नकार नव्हे, प्रश्न आहे, आणि उत्तराला कामाचे सात दिवस असतात. प्रश्न असा की लाइट बिलावरचा घर क्रमांक आणि उताऱ्यावरचा मिळकत क्रमांक वेगळे कसे? गावाकडे हे सर्रास होतं, फेरआकारणीत क्रमांक बदलतात आणि बिलावर जुनाच राहतो. दोन्ही क्रमांक एकाच घराचे असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, घराचा दर्शनी फोटो आणि दोन ओळींचं उत्तर १५ तारखेला चढवलं. आधीच दाखला जोडला असता तर हा आठवडा वाचला असता.

२२ सप्टेंबरला गौरीपूजन होतं. पुरण वाटत असताना मोबाइल वाजला. नोंदणी झाली होती. हात पुरणाचे, म्हणून नवऱ्यानं क्रमांक मोठ्यानं वाचून दाखवला. प्रमाणपत्र ओसरीत लावलं आणि दाराच्या पाटीवर क्रमांक रंगवून घेतला, तो लावावा लागतो. ३५० रुपये लागले.

कराचा हिशेब मला वाटला होता तेवढा जाचक निघाला नाही. जुन्या, वापरलेल्या वस्तू विकणाऱ्याला फरकावर कर भरण्याची सोय आहे. वस्तू २,४०० ला घेतली, ४,००० ला विकली, तर कर पूर्ण रकमेवर न लागता १,६०० वर लागतो. तांब्या-पितळेच्या घरगुती भांड्यांना तेव्हा १२ टक्के दर होता, म्हणजे १९२ रुपये. दर बदलतात, आपल्या वेळचा बघून घ्या. अट अशी की खरेदीवरच्या कराची वजावट घ्यायची नाही आणि वस्तूचं रूप बदलायचं नाही. घासणं, पोचे काढणं, कल्हई चालते, पण घंगाळाचं टेबल केलं तर मामला वेगळा. कल्हईचा खर्च त्या फरकातून वजा होत नाही, असं सल्लागारांनी सांगितलं, म्हणून भाव ठरवताना तो आधीच धरा. हे सगळं टिकतं ते खरेदीच्या पावतीवर. छापील पावतीपुस्तक करून घ्या: देणाऱ्याचं नाव, गाव, फोन, वस्तू, वजन, रक्कम, सही किंवा अंगठा. शंभर पानांची दोन पुस्तकं मला ४२० रुपयांत छापून मिळाली.

पावतीपुस्तकाचा दुसरा उपयोग नोव्हेंबरात कळला. एक मुलगा संध्याकाळी पोत्यात घंटा घेऊन आला. घरच्या देव्हाऱ्याची म्हणाला, पण ती दोन हातांनी उचलावी लागत होती. मी पावतीवर नाव-गाव लिहायला घेतलं, तसा तो पोतं उचलून निघाला. मी गावच्या पोलीस पाटलांना त्याच वेळी कळवलं. देवळातलं काही, देवाचे टाक, मूर्ती, मुखवटे मी कितीही स्वस्त मिळाले तरी घेत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या, ऐतिहासिक वा कलात्मक मोलाच्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. भांड्यावर साल असेल तर ते बहुतेक वेळा शकातलं असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. शके १८६० म्हणजे १९३८. आमच्याच माळ्यावरच्या एका परातीवर शके १८४० निघाला. ती मी विकायला काढली नाही, त्यात आता आत्या पापड लाटून ठेवतात. कपबशांच्या बुडाशी 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का मिळाला तर ती युद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या वर्षांतली. प्रभाकर कंदील तर आमच्या भागात घरोघरी निघतो, कारण ज्या ओगले काच कारखान्यात तो बनला, ते ओगलेवाडी कऱ्हाडला लागूनच आहे. मूळ काच असलेला कंदील मात्र वर्षातून एखादाच हाती लागतो.

बेंगळुरूच्या सात वस्तू ऑक्टोबरमध्ये गेल्या. सहा पोहोचल्या. सातवी चिनी मातीची बरणी होती, ती फुटून पोहोचली. मी पॅकिंगला उसाचं पाचट वापरलं होतं. फुकट, भरपूर, मऊ वाटतं, पण प्रवासात दबून खाली बसतं आणि वस्तू मोकळी होते. शिवाय धूळ आणि किडे. ९५० रुपये परत केले. तेव्हापासून बरणीच्या आत कागद ठासून भरते, बाहेरून नालीदार पुठ्ठ्याचे तीन वेढे, मग खोका, आणि त्याभोवती चार बोटं जागा सोडून दुसरा खोका. बांधून झाल्यावर खोका कानाशी धरून हलवायचा, आवाज आला तर पुन्हा उघडायचा. जड पार्सल गावच्या शाखा डाकघरात न देता तालुक्याच्या डाकघरात सकाळी अकराच्या आत देते.

शेती आणि हे काम एकमेकांत मिसळतं, तिथे हिशेब कच्चा राहतो. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या उसाला तोड आली. टोळी दारात, ट्रॉली वावरात, वाढं गोळा करायची घाई. त्यात २२ तारखेचं तिमाही विवरणपत्र राहून गेलं. नऊ दिवस उशीर, रोजचे ५० प्रमाणे ४५० रुपये आणि थोडं व्याज. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर म्हशीच्या विण्याच्या तारखेशेजारीच विवरणपत्राची तारीख लाल पेनानं लिहिते. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, मी खरेदी जवळपास बंद ठेवते. आमच्याकडच्या दमट हवेत घासलेलं पितळ चार दिवसांत काळवंडतं, ओढ्याला पाणी आलं की टेम्पो येत नाही आणि भातलावणीला माझेच हात लागतात. फोटो सकाळी सात ते साडेआठमध्ये ओसरीवर काढते, धारा आणि डेअरी उरकल्यावर. थेट उन्हात पितळ चकाकतं आणि पोचे दिसत नाहीत. गिऱ्हाइकाला पोचे दिसायलाच हवेत.

२०२४-२५ ची विक्री २,१८,००० झाली. खरेदी, कल्हई, पाठवणी, सल्लागार सगळं जाऊन ५१,००० च्या आसपास राहिले. महिन्याला सव्वाचार हजार. घर याच्यावर चालत नाही, दुधावर आणि उसावर चालतं. पण धाकटीच्या वसतिगृहाचे पैसे यातून भरले, आणि आजूबाजूच्या बारा गावांत आता भांडीवाल्याला बोलावण्याआधी मला एक फोन येतो.

उद्या कल्हईवाले काका येणार आहेत. नऊ तपेल्या, दोन पराती आणि एक सट अंगणात काढून ठेवलंय, कोळसा आणलाय. कोनाड्याखाली एक तांब्याची कळशी पालथी आहे. काठावर नाव आहे, बाराव्या दिवसात आहे. मुलाला सांगितलंय, पाणी मारताना तिला हात लावू नको.